परवडणारं घर कमी विजेचं आणि पर्यावरणाला झेपणारं कसं करावं: पैसा आधी कुठे, नंतर कुठे

प्रश्न असा आहे: साधारण ३० चौरस मीटरची लहान घरं बांधायची आहेत, काही सुटी, काही चार मजली इमारतींत. बजेट ठरलेलं आहे आणि ते वाढणार नाही. घरं कमी वीज खाणारी आणि पर्यावरणावर कमी भार टाकणारी हवीत. मग सोलर पॅनल बसवावेत, एएसी ब्लॉक (हवेच्या बारीक पोकळ्या असलेले हलके काँक्रीटचे ठोकळे) वापरावेत, की दुहेरी काचेच्या खिडक्या घ्याव्यात?

या तिन्हींपैकी कशालाच पहिला नंबर देऊ नका. आधी छप्पर, मग सावली, मग वारा, मग भिंत. त्यानंतर पंखे, दिवे, पाणी. सोलर सर्वांत शेवटी. बजेट सैल असलं तर क्रम चुकूनही भागतं, कारण चूक झाकायला एसी घेता येतो. इथे राहणाऱ्या कुटुंबाला तो परवडणार नाही, किंवा घेतला तरी त्याचं बिल झेपणार नाही. म्हणून क्रमाबद्दल मी आग्रही आहे.

पुढचे आकडे उत्तर गोलार्धातल्या उष्ण प्रदेशाचे आहेत. दक्षिण गोलार्धात उत्तर-दक्षिण उलट धरा. थंड प्रदेशाचं गणितच वेगळं. जर्मनीत डार्मस्टाट इथल्या पहिल्या पॅसिव्ह हाउसमध्ये, म्हणजे अगदी कमी ऊर्जेत चालणाऱ्या घरात, १९९१ पासून लोक राहताहेत. तिथे जाड इन्शुलेशन, तिहेरी काच आणि हवाबंद बांधणी यांच्या जोरावर घर ऊबदार राहतं. तीच कृती दमट, उष्ण हवेतल्या बिनएसीच्या घराला जशीच्या तशी लावली तर आतली उष्णता आतच कोंडते.

छप्पर

१५० मिमीचा उघडा आरसीसी स्लॅब घ्या. उन्हाळ्यात भर दुपारी सपाट गच्चीवर दर चौरस मीटरला ९०० वॅटच्या आसपास ऊन पडतं. काळवंडलेलं काँक्रीट त्यातलं साधारण ७० टक्के शोषून घेतं. हवा ३८ अंशांची असली तरी शोषलेल्या उन्हामुळे स्लॅबला बाहेर ६३ अंश असल्यासारखा ताप लागतो. आता स्लॅबचा यू-व्हॅल्यू पाहा. आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता पलीकडे जाते, तो हा आकडा. उघड्या स्लॅबचा तो ३.३ च्या जवळ येतो. आत ३० अंश राखायचे म्हटलं तर ३.३ गुणिले ३३, म्हणजे दर चौरस मीटरला जवळपास ११० वॅट. ३० चौरस मीटरच्या गच्चीतून ३.३ किलोवॅट उष्णता खाली उतरते. एक टनाचा एसी साधारण ३.५ किलोवॅट उष्णता बाहेर फेकतो. म्हणजे एक अख्खा एसी नुसत्या छपराशी झुंजण्यात संपला.

तोच स्लॅब पांढरा केला, शोषण ७० वरून २५ टक्क्यांवर आणलं, की ६३ चे ४७ अंश होतात आणि उष्णता १.७ किलोवॅटवर येते. त्यावर ४० मिमीचा एक्सपीएस, म्हणजे बंद पेशींचा फोम, टाकला की यू-व्हॅल्यू ०.६६ होतो आणि आत येणारी उष्णता ०.३४ किलोवॅट उरते. मूळच्या एक दशांश. हा स्थिर तापमानाचा ढोबळ हिशेब आहे. प्रत्यक्षात स्लॅब उष्णता साठवून ठेवतो आणि काही तास उशिरा खाली सोडतो. वरच्या मजल्यावर रात्री दहाला पंखा गरम वारा टाकतो तो यामुळेच. माणसं झोपायच्या वेळी छत तापलेलं असतं.

ब्रिकबॅट कोब्याबद्दल, म्हणजे गच्चीवर घालतात त्या विटांच्या तुकड्यांच्या थराबद्दल, इथेच सांगतो, कारण तो घातला की छप्पर थंड झालं असा समज पक्का आहे. १०० मिमीचा कोबा घातल्याने यू-व्हॅल्यू ३.३ वरून जेमतेम २.३ वर येतो आणि दर चौरस मीटरला दोनशे किलोच्या घरात वजन वाढतं. ते वजन पेलायला सळई वाढते, बीम वाढतात. शिवाय विटांच्या तुकड्यांत शिरलेलं पाणी महिनोन् महिने बाहेर पडत नाही. कोबा ढाळ द्यायला ठीक आहे. उष्णता अडवण्याचं काम त्याच्याकडून होत नाही.

थरांचा क्रम असा ठेवा. स्लॅब घासून साफ करा, भेगा भरा. १०० ला १ या प्रमाणात ढाळ द्या. त्यावर वॉटरप्रूफिंग, कठड्याच्या कोपऱ्यात गोलाई करून किमान ३०० मिमी वर चढवलेलं. मग पाणी साठवून ४८ तास थांबा. खाली कुठेही ओल दिसली तर पुढचं काम थांबलंच पाहिजे. त्यानंतर एक्सपीएस शीट, सांधे एकमेकांत अडकणारे, दुसऱ्या ओळीचे सांधे पहिल्या ओळीशी चुकवून. वर जिओटेक्स्टाइलचा कपडा. त्यावर ४० ते ५० मिमी स्क्रीड (सिमेंट-वाळूचा सपाट थर), प्रत्येक ३ मीटरवर आणि कठड्यालगत सांधा सोडून. सर्वांत वर पांढऱ्या चकचकीत टाइल्सचे तुकडे किंवा परावर्तक रंग. इन्शुलेशन वॉटरप्रूफिंगच्या वर असल्याने वॉटरप्रूफिंगच्या थराला ऊन लागत नाही आणि तो जास्त टिकतो.

बिघडतं ते नेमकं कुठे? पहिली गोष्ट, एक्सपीएसच्या जागी हलका थर्माकोल येतो. दिसायला पांढरा, मऊ, दाबला की दाणे सुटतात. तो पाणी पितो, दबतो आणि स्क्रीडला भेगा पडतात. तपासणी सोपी आहे. १.२ मीटर गुणिले ०.६ मीटर आणि ५० मिमी जाडीची शीट वजनकाट्यावर ठेवा. घनमीटरला ३२ किलो घनता मागितली असेल तर एक शीट १.१५ किलो भरली पाहिजे. ८०० ग्रॅम भरली तर माल परत पाठवा. गाडी उतरवतानाच प्रत्येक गठ्ठ्यातून एक शीट काढून जाडी आणि वजन वहीत लिहा; पाच मिनिटांचं काम आहे. दुसरी गोष्ट, स्क्रीडला सांधे न सोडणं. उन्हात तो पसरतो आणि कठड्याला ढकलतो. गच्चीच्या पातळीला बाहेरच्या भिंतीवर आडवी सरळ भेग दिसली, तर बहुतेक वेळा हेच कारण निघतं. तिसरी गोष्ट, सगळं झाल्यावर डिश, टाकीचा स्टँड किंवा पॅनलचे पाय बसवायला कुणीतरी ड्रिल चालवतं. त्यांच्यासाठी स्लॅब भरतानाच काँक्रीटचे ठोकळे काढून ठेवा.

पैसे खरोखरच तेवढे नसतील तर नुसता पांढरा रंग द्या, पण त्याचा स्वभाव ओळखून. नवा असताना तो ८० टक्के ऊन परतवतो. धूळ आणि शेवाळ बसलं की वर्षा-दोन वर्षांत ६० च्या आसपास येतो. पावसाळा संपल्यावर घासून धुतला की बराचसा परत मिळतो. चुन्याचा हात सर्वांत स्वस्त, पण दर वर्षी द्यावा लागतो. पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचं पहिलं काम महाग, मात्र नंतर फक्त धुणं.

पत्र्याच्या छपराला उष्णता साठत नाही, ती तडक खाली येते. तिथे पत्रा बाहेरून पांढरा करा, खाली किमान १०० मिमी पोकळी सोडून हलकं सीलिंग करा, आणि त्या पोकळीला खालच्या पागोळीकडे व वरच्या मोभाकडे हवा जायला वाट ठेवा. चंदेरी फॉइल वापरायची तर तिचा चकाकता पृष्ठभाग पोकळीकडे हवा, तिच्यासमोर निदान २५ मिमी हवा हवी. पत्र्याला घट्ट चिकटवलेली फॉइल काहीही करत नाही. हे इतक्या ठिकाणी चुकतं, की फॉइलच निकामी असते असं लोक सांगू लागतात.

मोजायला मापदंड हवा असेल तर भारताची इको-निवास संहिता, २०१८ पाहा. तिच्यात छपराचा यू-व्हॅल्यू १.२ च्या वर नको असं म्हटलंय. वरच्या हिशेबात २५ मिमी एक्सपीएसनेसुद्धा ती अट पार पडते.

चार मजली इमारतीत मात्र छपराचा थेट त्रास फक्त वरच्या मजल्याला होतो. खालच्या तीन मजल्यांसाठी यादीत पहिली येते खिडकीवरची सावली.

सावली

इमारतीची लांब बाजू उत्तर-दक्षिण तोंडाने ठेवा, म्हणजे पूर्व-पश्चिमेला आखूड भिंती येतील. नकाशावर रेघ फिरवायला काही खर्च नाही. लेआउट मंजुरीला गेल्यावर मात्र ती रेघ हलत नाही, म्हणून हा निर्णय पहिल्या बैठकीतच घ्या.

दक्षिणेच्या खिडकीला छज्जा पुरतो, कारण तिकडचा सूर्य दुपारी उंच असतो. २० अंश उत्तर अक्षांशावर मार्च आणि सप्टेंबरच्या संपाताला माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून ७० अंशांवर असतो. १.२ मीटर उंचीची खिडकी पूर्ण सावलीत यायला छज्जा १.२ भागिले २.७५, म्हणजे ०.४४ मीटर हवा. ४५० मिमीचा छज्जा उन्हाळाभर काम करतो, आणि डिसेंबरचं खाली उतरलेलं कोवळं ऊन आत येऊ देतो. छज्जा खिडकीच्या दोन्ही कडांपलीकडे किमान ३०० मिमी न्या. नाहीतर सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊन बाजूने आत येतं.

पश्चिमेला छज्ज्याचा उपयोग जवळजवळ नाही. चार वाजल्यानंतरचं ऊन समोरून, आडवं येतं. पश्चिमेच्या अंगाला जिना, संडास-बाथरूम, कपाटाची भिंत टाका आणि तिथल्या खिडक्या लहान ठेवा. खिडकी घ्यावीच लागली तर खिडकीशेजारी भिंतीतून बाहेर आलेले उभे पंख, बाहेरच्या बाजूची झडप किंवा जाळीची भिंत द्या. सावली काचेच्या बाहेर हवी. आतला पडदा ऊन घरात आल्यावर अडवतो, तोवर उष्णता आत शिरलेली असते. दुहेरी काचेचं तेच. तिच्यातून थेट ऊन बऱ्यापैकी आत येतंच. ३० चौरस मीटरच्या घरात दुहेरी काचेवर खर्च करण्याआधी प्रत्येक खिडकीला बाहेरून सावली आहे की नाही ते पाहा.

वारा

या घरांत सर्वांत जास्त नुकसान होतं ते मधल्या कॉरिडॉरमुळे. दोन्ही बाजूंना घरं, मध्ये अंधारा बोळ. जागेची बचत होते, पण प्रत्येक घराला एकच बाहेरची बाजू उरते. एकाच बाजूने खिडकी असली की वारा आत साधारण छताच्या उंचीच्या दुप्पट अंतरापर्यंतच पोचतो. ३ मीटर उंचीला ६ मीटर. समोरासमोर दोन बाजूंना उघडं असलं तर हेच अंतर छताच्या उंचीच्या पाचपट होतं. म्हणून शक्य असेल तिथे एका जिन्याला दोनच घरं ठेवा, किंवा कॉरिडॉर एका बाजूला उघडा घ्या. ते जमत नसेल तर मुख्य दारावर उघडझाप होणारी व्हेंटिलेटर-झडप द्या आणि कॉरिडॉरच्या दोन्ही टोकांना जाळी ठेवा. लहान गोष्ट आहे, पण दार बंद असतानाही वाऱ्याला बाहेर पडायची वाट मिळते.

खिडकीचा प्रकार क्षेत्रफळाइतकाच महत्त्वाचा. दोन पल्ल्यांची सरकती खिडकी कितीही मोठी असली तरी अर्धीच उघडते. १.२ गुणिले १.२ मीटरच्या खिडकीत सरकत्या पल्ल्यांनी ०.७२ चौरस मीटर उघडी जागा मिळते. बिजागरीच्या पल्ल्यांनी १.३ च्या आसपास. दमट हवेत उघडणारी जागा खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश धरा. ९ चौरस मीटरच्या खोलीला १.५ चौरस मीटर. सरकत्या खिडकीने ती भरायला भिंतभर काच लागते आणि तेवढं ऊन आत येतं. बिजागरीची खिडकी गैरसोयीची वाटते, कारण पल्ला वाऱ्याने आपटतो. त्यावर उपाय घर्षणाची बिजागरी किंवा साधा हूक. डासांची जाळी वारा बराच कमी करते, म्हणून ती गृहीत धरूनच उघडी जागा थोडी वाढवा. जाळी नसेल तर खिडक्या संध्याकाळी बंदच राहतात.

बाथरूमचा डक्ट वरून उघडा आणि पावसापासून झाकलेला हवा. गच्चीवर त्याचं तोंड स्लॅबने बंद केलेलं आढळतं, आणि मग चार मजल्यांची ओल, वास एकमेकांच्या घरात फिरतात.

भिंत

तीन भिंतींचे यू-व्हॅल्यू शेजारी ठेवा. १५० मिमीची काँक्रीटची भिंत ३.८. दोन्हीकडून प्लास्टर केलेली २३० मिमी विटांची भिंत २ च्या आसपास. २०० मिमी एएसी ब्लॉक ०.७६. झपाट्याने घरं उभी करायला भिंती आणि स्लॅब ॲल्युमिनियमच्या साच्यात एकत्रच ओततात. काम वेगाने होतं, भूकंपालाही ते चांगलं. उष्णतेसाठी मात्र तीनमधली सर्वांत वाईट भिंत तीच. पद्धत ठरूनच गेली असेल तर निदान पूर्व-पश्चिमेच्या भिंतींना बाहेरून इन्शुलेशन प्लास्टर द्या, सगळ्या बाहेरच्या भिंती फिकट रंगाच्या ठेवा, आणि दर खिडकीचा छज्जा साच्यातच धरायला लावा. साचा एकदा बनला की छज्जा नंतर जोडता येत नाही.

एएसी घ्यायचा तर त्याच्या सवयी पाळा. सांध्याला २-३ मिमी जाडीचा तयार ब्लॉक-ॲडहेसिव्ह वापरा. १२ मिमीच्या सिमेंट-वाळूच्या मसाल्यात बांधला की सांध्यांतून उष्णताही जाते आणि भेगाही येतात. ब्लॉक पाण्यात भिजवू नका, फक्त पृष्ठभाग ओलसर करा. भिजलेला ब्लॉक वाळताना आकसतो आणि भिंतीला जिन्यासारखी चिरफळी पडते. कॉलम-बीमच्या सांध्यावर फायबर जाळी हवीच. वायरिंगच्या खाचा कटरने मारा. छिन्नी-हातोड्याने ब्लॉक आतून तडकतो.

चांगली वीट जवळ मिळत असेल तर रॅट-ट्रॅप बाँडचा विचार नक्की करा. विटा कडेवर उभ्या लावायच्या, भिंत २३० मिमीचीच, मधे पोकळी. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात ही पद्धत आणि फिलर स्लॅब रुजवले. विटा साधारण एक चतुर्थांश वाचतात, मसालाही वाचतो, पोकळीमुळे उष्णता कमी जाते. पाया, खिडकीची तळपट्टी आणि लिंटेल या पातळ्यांवर, तसंच कोपऱ्यांत आणि दारा-खिडक्यांच्या कडांना भरीव बांधकाम हवं. मसाला पोकळीत पडू द्यायचा नाही. गवंड्याला पोकळीच्या रुंदीची लाकडी पट्टी द्या आणि प्रत्येक थराला ती वर सरकवायला लावा. विटांचे आकार वेडेवाकडे असतील तर या पद्धतीच्या वाट्याला जाऊ नका, सांध्यांत वाचलेला मसाला प्लास्टरमध्ये जाईल. फिलर स्लॅबचं तत्त्व साधं आहे: स्लॅबच्या खालच्या, ताण घेणाऱ्या भागात काँक्रीट नुसतं वजन वाढवत असतं, तिथे सळयांच्या चौकटीत जुनी कौलं बसवायची. कौलं आधी पाण्यात भिजवा, नाहीतर ती काँक्रीटचं पाणी ओढून घेतात.

सिमेंट

जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडमधला ७ ते ८ टक्के वाटा सिमेंटचा आहे. त्यातला मोठा भाग इंधनातून येत नाही. चुनखडी भाजताना तिच्यातूनच तो वायू सुटतो, म्हणून भट्टी सौर विजेवर चालवूनही तो टळत नाही. क्लिंकर, म्हणजे भट्टीत भाजून निघणारे आणि दळून सिमेंट होणारे गोळे, कमी वापरणं हाच थेट मार्ग. फ्लाय ॲश (कोळशाची राख) मिसळलेलं पीपीसी, स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) मिसळलेलं पीएससी सिमेंट सहज मिळतं. एलसी३ नावाच्या सिमेंटमध्ये क्लिंकर ५० टक्के, भाजलेली माती ३०, चुनखडी १५ आणि जिप्सम ५ टक्के असतं. कार्बन ४० टक्क्यांपर्यंत कमी होतो.

ही सिमेंटं हळू ताकद धरतात. साच्याचे टेकू काढायची घाई नको, आणि ७ दिवसांऐवजी किमान १० दिवस, कडक उन्हात १४ दिवस पाणी मारायलाच हवं. पाण्यावाचून वाळलेला पीपीसीचा स्लॅब वरून भुसभुशीत होतो आणि दोष सिमेंटवर जातो. साइटवर काँक्रीट घट्ट वाटलं की पाणी ओततात, तेही थांबवा. त्याने ताकद घटते, ती भरून काढायला पुढच्या वेळी सिमेंट वाढवतात आणि सगळी बचत तिथेच संपते. बीम-कॉलमची मांडणी सुटसुटीत ठेवली, स्पॅन ३ ते ४ मीटरच्या आत ठेवले, तर सळई आणि काँक्रीट दोन्ही घटतात. सर्वांत कमी कार्बनचं काँक्रीट म्हणजे जे ओतावंच लागलं नाही ते, आणि हे काम स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या टेबलावर होतं.

पंखे, पाणी, सोलर

साधा पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (ब्रशविना मोटरचा) पंखा ३० च्या आसपास. रोज १२ तास, वर्षाला ३०० दिवस धरले तर एका पंख्यामागे १६२ युनिट वाचतात. दोन पंख्यांमागे ३२४. एक किलोवॅटचं सोलर चांगल्या उन्हात दिवसाला ४ युनिट, वर्षाला १४०० च्या आसपास देतं. म्हणजे दोन पंखे बदलले की जवळपास पाव किलोवॅटचं पॅनल वाचलं. पंखे राहणाऱ्यांनी आणायचे असं न ठेवता घराबरोबरच बसवून द्या. नंतर दुकानातला सर्वांत स्वस्त पंखा येतो आणि तोच पंधरा वर्षं फिरतो.

पाण्याचं आणि विजेचं नातं अनेकदा विसरलं जातं. १०० घरं, प्रत्येकी ५०० लिटर, २० मीटर उंच टाकी. पंप आणि मोटरची एकत्रित कार्यक्षमता ४० टक्के धरली तर दिवसाला ७ युनिटच्या जवळपास, वर्षाला २५०० युनिट नुसतं पाणी चढवायला जातात. नळाला एरेटर (धारेत हवा मिसळणारी जाळी), ३ आणि ६ लिटरचा दुहेरी फ्लश, गळक्या बॉलकॉकची दुरुस्ती यांनी पाणी आणि वीज एकदमच वाचते. पावसाचं पाणी साठवायचं असेल तर ३० चौरस मीटर गच्ची, १००० मिमी पाऊस, ८० टक्के हाती लागलं तर २४,००० लिटर. पहिल्या सरीचे ३० ते ६० लिटर वेगळे सोडून द्या. गच्चीवरची धूळ-घाण त्यातच असते.

१०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला ३.५ युनिट लागतात. सोलर हीटर हे काम उन्हावर करतो, पण पाइप लांब असेल तर फायदा पाइपातच राहतो. २० मिमीच्या १५ मीटर पाइपात जवळपास ५ लिटर पाणी असतं, गरम पाणी यायच्या आधी ते थंड पाणी प्रत्येक वेळी वाहून जातं. बाथरूम एकाखाली एक ठेवा, पाइपाला इन्शुलेशन द्या, आणि ते ऊन-पावसात टिकेल असं झाका. पाणी जड असेल तर सपाट कलेक्टरच्या बारीक नळ्यांत क्षार बसतो. तिथे काचेच्या व्हॅक्यूम नळ्या बऱ्या.

आता पॅनल. गरज आधी कमी केलेली असेल तर लहान संच पुरतो. एक किलोवॅटला सावलीविना १० चौरस मीटर गच्ची धरा. पाण्याच्या टाकीची सावली एका पॅनलच्या कोपऱ्यावर पडली तरी साखळीने जोडलेल्या सगळ्या पॅनलची निर्मिती लक्षणीय घटते, म्हणून टाकी उत्तरेच्या कोपऱ्यात घ्या. पॅनल दोन-अडीच मीटर उंच मांडवावर बसवले तर गच्चीला सावलीही मिळते, पण वाऱ्याच्या उचलीसाठी पायांचं डिझाइन करून घ्या. चार मजली इमारतीत गच्ची सगळ्या घरांना पुरत नाही. तिथे पंप, जिन्याचे दिवे, लिफ्ट यांच्या सामायिक मीटरला सोलर जोडणं जास्त न्याय्य. त्याचा लाभ प्रत्येक घराच्या देखभाल खर्चात उतरतो.

निविदा आणि ताबा

कागदावर ठरलेलं साइटवर बदलतं ते ‘अथवा समतुल्य’ या दोन शब्दांतून. ब्रँडचं नाव लिहू नका. जाडी, घनता, उष्णतावाहकता, परावर्तन आणि ते तपासायची पद्धत लिहा. ‘पंखा, ३५ वॅटपेक्षा कमी, टिकाऊपणाची हमी इतकी वर्षं’ असं लिहिलं की पळवाट उरत नाही. पुढचं काम सुरू होण्याआधी थांबून सही घ्यायच्या जागा चार ठेवा: गच्चीची पाणी-चाचणी, इन्शुलेशनचं वजन-जाडी, एएसीच्या सांध्यांवरची जाळी आणि पाणी मारण्याची नोंदवही. खर्च कापायची वेळ आली तर दर्शनी भागाची सजावट, आतल्या भिंतींचं पुट्टी-काम, फॉल्स सीलिंग आधी जाऊ द्या. छज्जे आणि गच्चीचे थर यांना हात लावू देऊ नका, ते नंतर घालणं अवघड असतं.

ताबा देताना प्रत्येक घराला एक पानाचा कागद द्या आणि तो दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. कोरड्या उष्ण हवेत सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा खिडक्या बंद, रात्री समोरासमोरच्या उघड्या. दमट हवेत दिवसभर उघड्या, पंखा चालू. बाल्कनी वीटकामाने बंद केली तर आतल्या खोलीचा वारा जातो, हे स्पष्ट लिहा. बहुतेक जण जागेसाठी हेच करतात. बंद करणारच असतील तर निदान जाळीच्या भिंतीचा नमुना त्याच कागदावर काढून द्या, मापांसकट. गच्ची दर वर्षी पावसाळ्यानंतर कोण घासणार, रंग दर किती वर्षांनी आणि त्याचा निधी कुठून, हे सोसायटीच्या पहिल्या सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या.